बिनशेवटाची पोथी

माझी मान डावीकडे पूर्ण वळत नाही. डॉक्टर म्हणतात, वय झालं. मी म्हणतो, वय नव्हे, उत्तमराव नाकेदार. सन एकोणीसशे सहासष्टच्या वैशाखात त्यांची तीनशे एकोणीस पुस्तकं मी टोपल्यात घालून, डोक्यावर घेऊन जळगाव जामोदच्या गल्ल्यांतून फिरवली. विकायला नव्हे, फुकट द्यायला. विकणाऱ्यापेक्षा फुकट देणाऱ्याला जास्त उंबरे झिजवावे लागतात, हे मला तेव्हा कळलं.

उत्तमराव नांदुऱ्याकडून येणाऱ्या रस्त्यावरच्या जकात नाक्यावर सव्वीस वर्षं नाकेदार होते. मी पुंजाजी, त्यांचा शिपाई. गाडी आली की ते पावती फाडायचे आणि मी आडवा बांबू वर करायचो. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात मी झोपायचो, ते वाचायचे. माणूस उंच, काटकुळा, डोक्यावर टोपी, आणि बोलणं इतकं हळू की गाडीवाल्यांना दोनदा विचारावं लागे. पण पुस्तकावरून बोलायला लागले की त्यांचा आवाज मोठा व्हायचा.

ही पुस्तकं त्यांनी कुठल्या दुकानातून आणली नव्हती. खामगावचा कय्यूम महिन्यातून एकदा रद्दीनं भरलेली गाडी घेऊन यायचा. गावातल्या वाण्यांना पुड्या बांधायला कागद लागे, तो कय्यूम पुरवी. गाडी नाक्यावर थांबली की उत्तमराव चष्मा पुसून तिच्यावर चढत आणि रद्दीत खांद्यापर्यंत हात घालत. जे हाताला लागेल ते वजनावर विकत घेत. कय्यूम खाली उभा राहून विडी ओढत म्हणायचा, "नाकेदारसाब, लोक गाडीतून माल चोरून नेतात, तुमी तं रद्दी काढून राह्यले." आणलेलं पुस्तक उत्तमराव घरी दाभणानं शिवत, जुन्या पावतीपुस्तकांचे पुठ्ठे कापून त्याला चढवत. त्यांची बायको गीताबाई होती तोवर म्हणायची, "या घरात उंदरालेबी वाचता येत असन." ती गेल्यावर हे म्हणणारंही कोणी उरलं नाही, आणि पुस्तकं मात्र वाढतच गेली.

नोकरी संपली तेव्हा घरात चारशे बारा पुस्तकं होती. मुलगा अकोल्याला रेल्वेत. क्वार्टर दीड खोलीचं, त्यात चार लेकरं. त्यानं लिहिलं, "बाबा, तुम्ही या. पुस्तकं आणू नका, आम्हीच आळीपाळीनं झोपतो." उत्तमरावांनी पत्र तीनदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.

"पोरगं खरंच बोलून राह्यलं," ते म्हणाले. "पण पुंजाजी, घर खाली केलं की घरमालक हे सारं कय्यूमच्या गाडीवर टाकन. जिथून काढलं तिथंच. आपल्यामागं कोणी वाचलं नाही तं मी सव्वीस वर्षं काय केलं, सांग बरं."

मी काय सांगणार? मी सव्वीस वर्षं बांबू वर केला होता, मला असला प्रश्न कधी पडला नव्हता. पण त्यांचा चेहरा पाहून माझंच मन खट्टू झालं.

वाचनालयानं चांगली बांधलेली वीस-बावीस ठेवतो म्हटलं, बाकीची फाटकी आहेत म्हणून नको; मग उत्तमरावांनी तीही दिली नाहीत. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी. तेव्हा उत्तमरावांनी ठरवलं, वानोळा वाटावा तशी घरोघर वाटायची. शेतात पहिला हरभरा निघाला, की चार घरी ओंजळ ओंजळ देतात, तसं. फक्त त्र्याण्णव पुस्तकं त्यांनी वेगळी काढून एका खोक्यात भरली. ही बिनशेवटाची होती. रद्दीतल्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी गळतं. "ज्याले शेवट नाही ते कोणाच्या गळ्यात मारू नये," ते म्हणाले. त्यातलं एक पुस्तक त्यांनी बराच वेळ हातात धरलं. कुंभाराच्या चंद्राची गोष्ट होती. नवरा रंगूनला गेलेला, आणि ती त्याच्या शोधात पायी बंदरापर्यंत जाते. जहाज लागतं, माणसं उतरू लागतात, आणि तिथं पानं संपतात. "अकरा वर्षं झाली," उत्तमराव म्हणाले, "तो उतरला का नाही, मले माहीत नाही." ते खोकं उत्तमराव अकोल्याला निघतील त्या दिवशी कय्यूम नेणार होता.

आठ दिवस आम्ही फिरलो. कोणाला काय द्यायचं याचा ते रात्रंदिवस विचार करत असावेत. गोठ्यात चार जनावरं असलेल्याला जनावरांच्या आजाराचं, शिंप्याला कापड विणण्याचं, नव्या लग्नाच्या घरी प्रवासवर्णन. माणसं नाकेदारांना मानत होती, कारण सव्वीस वर्षांत त्यांनी कोणाच्या गाडीतली एक मिरचीसुद्धा उचलली नव्हती. सगळ्यांनी दोन्ही हातांनी पुस्तकं घेतली, कपाळाला लावली, आम्हाला चहा पाजला. आठ दिवसांत मी इतका चहा प्यालो की झोप उडाली. शेवटचं घर किसनरावांचं. तिथं पोचलो तर टोपलं रिकामं. एक पुस्तक कमी पडलं. उन्हात मी उत्तमरावांच्या घरी पळत गेलो आणि दाराजवळ जे हाताला लागलं ते उचलून आणलं. किसनरावांची बायको तानुबाई, जिच्या शब्दावर आमची गल्ली चालायची, तिनं ते पदरात घेतलं. उत्तमराव त्या दिवशी घरी जाऊन शांत झोपले.

चार दिवसांनी ते म्हणाले, "चाल, पाहू कोणी काय वाचलं ते."

पहिलं घर भगवानरावांचं. भगवानराव पक्के माळकरी, घरात कांदासुद्धा चातुर्मासात शिजत नसे. "पुस्तक कसं काय?" उत्तमरावांनी विचारलं. "लय चांगलं हाये," भगवानराव म्हणाले, "रोज फूल वाह्यतो." आम्ही आत पाहिलं. देव्हाऱ्यात देवांच्या शेजारी पुस्तक उभं, त्याला हळदकुंकू, वर मोगऱ्याचं फूल. ते कोंबडीपालनाचं पुस्तक होतं. पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी लाल फडक्यात बांधून, उदबत्ती लावून. अमीनाबीच्या घरी गेलो तर तिनं हिरव्या कापडात गुंडाळून सगळ्यांत उंच फळीवर ठेवलेलं. "पाय लागू नाही म्हनून," ती म्हणाली. कोणाचं काही चुकलं नव्हतं. आमच्या गावात बांधलेलं पुस्तक घरात येतं ते पोथी म्हणूनच येतं, आणि पोथीचं जे करायचं ते प्रत्येकानं मनापासून केलं होतं. फक्त उघडलं कोणी नव्हतं.

उत्तमराव घरी येऊन भिंतीला टेकून बसले. मला वाटलं आता ओरडतील. पण ते म्हणाले, "वाण्यानं निदान पान उघडून त्यात साखर तरी बांधली असती." मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पाणी आणतो म्हणून बाहेर निघून आलो, कारण मला ते पाहवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र माणूस दाढी करून तयार. सरळ तानुबाईच्या ओसरीवर. खोटं बोलण्याची ताकद उत्तमरावांच्या अंगात नव्हती, पण खऱ्याचं नेमकं टोक दाखवण्यात ते हुशार होते.

"तानुबाई, पोथी घरात आणली अन् वाचलीच नाही, तं चालते का?"

तानुबाई शेवयांचं पीठ मळत होती. तिचा हात थांबला. "नाही चालत, भाऊ. पारायण कराच लागते. अन् सुरू केली तं समाप्ती झाल्याबिगर उठता येत नाही."

"मंग?"

"मंग काय? आमच्या घरात अक्षर कोणाले येते? ह्याईले सही करता येत नाही." ह्यांना म्हणजे किसनरावांना. ते खाटेवर पडल्या पडल्या घोरत होते.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला. उत्तमरावांनी तिकडे पाहिलं. "तुमची सून कितवी शिकली?"

तानुबाईची सून शालू. मेहकरकडची पोरगी, सातवी पास. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि चार वर्षांत तिच्या हाती विळा, सूप, पोळपाट सगळं आलं, कागद आला नव्हता. तानुबाई वाईट बाई नव्हती. पण शिकलेली सून म्हणजे दुधाचं भांडं, झाकून ठेवलेलं बरं, असा तिचा हिशेब होता.

"सासऱ्यासमोर सून आवाज काढन का, भाऊ?" ती म्हणाली. "लोक काय म्हनतीन?"

"दाराच्या आत बसन ती. आपण ओसरीत बसू. पोथी काही तोंड पाहून ऐकत नाही कोणी. पाहा बापा, दोष तुमच्या घराले लागन, मले काय?"

दोष म्हटल्यावर तानुबाई हरली. त्याच दुपारी वाचन ठरलं. वैशाखात साऱ्या गल्लीतल्या बाया तिच्याच ओसरीत शेवया करायला जमत, म्हणजे श्रोते आयतेच. देव्हाऱ्यातलं पुस्तक काढलं, शालूच्या हातात दिलं, दार निम्मं लोटलं. तानुबाईनं समोर एक वाटी तुरीचे दाणे घेतले. पोथी किती पुढं सरकली ते तिला वाचून कळणार नव्हतं, म्हणून पान उलटल्याचा आवाज आला की ती एक दाणा बाजूला टाकायची. लहानपणापासून पोथी ऐकताना ती असंच मोजत आली होती.

आतून आवाज आला. आधी अडखळत, मग घसा साफ करून. "गावाच्या खालच्या अंगाला कुंभारांची आठ घरं होती. त्यातल्या शेवटच्या घरात चंद्रा राहत होती."

उत्तमरावांनी माझ्याकडे अशी नजर फिरवली की मी रांजणाआड सरकलो. घाईत मी उचललं होतं ते बिनशेवटाच्या खोक्यातलं.

बाहेर आल्यावर त्यांनी मला जे ऐकवलं ते सव्वीस वर्षांत ऐकवलं नव्हतं. ते बरोबरच होतं. तानुबाईच्या देव्हाऱ्यातली पोथी बदलून दुसरी ठेवणं शक्य नव्हतं, तिला हळदकुंकू लागलेलं. आणि समाप्ती झाली नाही तर अपशकून झाला म्हणून तानुबाई पुस्तक परत आणून देणार, आणि तिनं दिलं की तिच्यामागोमाग सगळी गल्ली देणार. मग कय्यूमची गाडी होतीच.

पण वाचन मात्र रंगत गेलं. तिसऱ्या दिवशी बायांनी शेवया मुद्दाम सावकाश करायला घेतल्या. चंद्रा नदी उतरली त्या दिवशी अमीनाबीनं डोळ्याला पदर लावला. पाचव्या दिवशी किसनराव घोरायचे थांबले, पडून राहिले पण जागे. आणि मला ठाऊक आहे, बाकीच्या घरांतही फडकी सुटायला लागली, कारण तानुबाईनं पाणवठ्यावर सांगितलं, बिनवाचलेली पोथी घरात ठेवू नये. कोणाचा पुतण्या चौथीत, कोणाची मुलगी माहेरी आलेली, कोणाचा जावई. भगवानरावांच्या नातीनं कोंबडीपालन मोठ्यानं वाचलं आणि माळकरी आजोबा हात जोडून ऐकत बसले. उत्तमराव गल्लीतून चालताना प्रत्येक दारापाशी मुद्दाम चप्पल नीट करायला वाकायचे. आतून वाचल्याचा आवाज आला की पुढं जायचे.

रात्री मात्र ते जकातीच्या जुन्या पावत्यांच्या मागं त्या गोष्टीचा शेवट लिहायचा प्रयत्न करत. सकाळी मी जाऊन पाही तर सगळे तुकडे चुलीजवळ. "नवरा उतरतो अन् दोघं घरी जातात, असं लिहिलं," ते एकदा म्हणाले. "वाचलं तं मलेच खोटं वाटलं. मले पावतीच लिहिता येते, पुंजाजी." निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी ठरवलं, सरळ उभं राहून सांगायचं की पोथी अपुरी आहे, चूक माझी आहे. मी म्हटलं चूक माझी आहे. ते म्हणाले, "तुही तं हायेच."

त्या दुपारी ओसरी भरलेली. नारळ आणून ठेवला होता, गूळ फोडलेला. मी रांजणापाशी, दाराच्या फटीजवळ बसलो. शालू वाचत होती. जहाज लागलं. फळी टाकली. माणसं एकेक करून उतरू लागली. चंद्रा गर्दीत टाचा उंचावून उभी. उत्तमरावांनी टोपी काढून हातात घेतली आणि ते उठायला लागले, कारण पानं इथंच संपत होती.

आणि आतला आवाज थांबला नाही.

सगळी माणसं उतरली, शालू वाचत होती, पण चंद्राचा नवरा नाही उतरला. सगळ्यांत शेवटी एक म्हातारा खलाशी उतरला. त्यानं चंद्राचं नाव विचारलं आणि तिच्या हातात एक पाकीट दिलं. चंद्राला वाचता येत नव्हतं. बंदरावर पत्र वाचून देणारे कारकून रांगेनं बसले होते, ते हाका मारू लागले. चंद्रा त्यांच्यासमोरून गेली आणि थांबली नाही. ती बंदरावरच राहिली. दिवसा मडकी करायची, आणि संध्याकाळी एका मास्तरच्या बायकोकडून एकेक अक्षर शिकायची. एक वर्षानं तिनं अंघोळ केली, दार लावलं, आणि आपलं पत्र आपण उघडलं. त्यात काय होतं, ते चंद्रानं कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं चाक फिरवलं आणि नवं मडकं काढलं. इथं गोष्ट संपूर्ण झाली.

मी फटीतून पाहत होतो. पुस्तक शालूच्या मांडीवर मिटलेलं होतं, दोन्ही हात त्यावर. ती समोरच्या भिंतीकडे पाहून बोलत होती, आणि तिच्या कपाळावर घाम होता.

मग तानुबाईनं सुस्कारा सोडला. "बरं केलं तिनं," ती म्हणाली. "आपलं पत्र आपण वाचावं." तिनं नारळ फोडला. उत्तमरावांनी प्रसाद घेतला आणि टोपी पुन्हा डोक्यावर घातली. ते आणि मी, ओसरीत आम्ही दोघंच खरं काय ते जाणून होतो, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी नांदुऱ्याच्या गाडीसाठी आम्ही एसटी स्टँडवर आलो. एक ट्रंक, एक वळकटी, आणि ते खोकं, कारण कय्यूम तिथंच येऊन ते घेणार होता. तो आलासुद्धा, गाडीला बैल जुंपलेले. तेवढ्यात उन्हातून तानुबाई आली, हातात शेवयांचा डबा. डबा तिनं उत्तमरावांना दिला, आणि पदराची गाठ सोडून त्यातले तुरीचे दाणे त्यांच्यासमोर धरले.

"भाऊ, एक इचारू? पोथीची पानं दोनशे अठरा झाली. माह्या हिशेबानं काल जहाज लागलं तईच शेवटचा दाणा पडला. त्यानंतर अर्धा घंटा पोथी चालली, अन् पान एकबी पलटलं नाही."

उत्तमराव डब्याचं झाकण चाचपू लागले. मी माझ्या पायांकडे पाहत राहिलो.

"मले अक्षर येत नाही," तानुबाई म्हणाली, "पण मी भयरी नाही. रातच्याला तिले इचारलं. रडाले लागली, म्हने आत्याबाई, दोष लागन का? मी म्हनलं, चूप बस, समाप्ती झाली म्हंजे झाली." मग खोक्याकडे बोट दाखवून तिनं विचारलं, "कय्यूम म्हने, अशा बिनशेवटाच्या पोथ्या अजून हायेत तुमच्यापाशी?"

"ब्याण्णव," उत्तमराव म्हणाले. त्यांचा आवाज इतका मोठा निघाला की कंडक्टरनं वळून पाहिलं.

"मंग ह्या त्याच्या गाडीवर कायले चढवून राह्यले?" तानुबाई म्हणाली. "घरी सून हाये ना माह्या."

कय्यूमनं खोक्यावरचा हात काढून घेतला आणि विडी पेटवली. एसटी सुटायला आली होती. उत्तमराव पायरीवर चढले, पुन्हा खाली उतरले, खिशातलं आपलं पेन काढून तानुबाईच्या हातात दिलं, आणि वर जाऊन बसले. अकरा वर्षं वाट पाहिलेला शेवट त्यांना मिळाला होता आणि हसू लपवायला त्यांनी शेवयांचा डबा तोंडासमोर धरला होता. मी ते पाहिलं.

गाडी वळणाआड गेल्यावर तानुबाई माझ्याकडे वळली. "पुंजाजीभाऊ, उचला," ती म्हणाली. मी पुन्हा खोकं डोक्यावर घेतलं, आणि ते टोपल्यापेक्षा जड होतं.